ऊबदार जमीन

ज्वालामुखीच्या त्या बेटावर आमचा सायकलींचा गट अर्ध्या चढणीवर थांबला. दोन्ही बाजूंना थिजलेला काळा लाव्हा होता आणि खाली, धुक्यात, समुद्राचा केवळ भास. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची ही माझी पहिली चढण. ती जमली नाही, तर सायकल कायमची सोडीन, असे मी गटात सोबत आलेल्या पत्नीला वचन दिले होते.

“हा पर्वत अजून जिवंत आहे,” आमची गाइड म्हणाली. ते ऐकताच गटातल्या सुमतीबाईंनी बूट काढले.

“अहो, देऊळ आहे का हे?” कोणीतरी हसले.

“जिवंत आहे म्हणाली ना ती? मग बुटांनी तुडवायचं कसं?”

पाहता पाहता आम्ही सारेच अनवाणी झालो. गाइड चकित होऊन पाहत राहिली.

निजलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा, तशी ऊब तळव्यांना लागली. एवढा अग्नी पोटात घेऊन पर्वत धुके पांघरून स्वस्थ पडला होता. त्याला कोणाला काही दाखवायचे नव्हते.

“दम लागलाय तुम्हाला. मागून येणाऱ्या आपल्या गाडीत बसता?” पत्नीने हळूच विचारले.

“नाही. सायकल हातात धरून चालतो.”

हे वचनात बसते की नाही, ते तिने विचारले नाही. ती स्वतःची सायकल घेऊन माझ्या शेजारून चालू लागली.