उपास आणि उपाशी

सुगंधाकाकीच्या उजव्या हाताला रक्त काढण्याजोगी एकच शीर उरली आहे आणि ती फक्त मला सापडते. डाव्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या, म्हणून डाव्या हाताला सुई नाहीच. उजव्यातल्या शिरा केमोने करपल्या. मालवणच्या आमच्या लॅबमध्ये ती आली की बाकीच्या पोरी गुपचूप बाजूला होतात. माझी जीभ तिखट, अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. काकीला मात्र माझं ओरडणं ऐकून हसू येतं.

तोंडवलीला तिचं घर. दोन खोल्या पर्यटकांना देते, रांधते स्वतः. कॅन्सरचे उपचार संपून तीन वर्षं झाली, पण रोजची गोळी चालू आहे. ती गोळी आजाराला लांब ठेवते आणि हाडं झिजवते. यंदा गोव्याच्या डॉक्टरांनी हाडांची तपासणी केली, ती अगदी काठावर आली. म्हणून त्यांनी रक्ताची सीटीएक्स सांगितली. हाड झिजताना त्याचा जो अंश रक्तात उतरतो, तो यात मोजतात. आकडा चढा आला तर हाडांचं औषध सलाईनमधून द्यायचं, नाहीतर तूर्त थांबायचं.

सलाईन म्हटलं की काकीच्या तोंडचं पाणी पळायचं. केमोच्या आठ खेपा तिने त्या खुर्चीत काढल्या होत्या. केस गेले, बोटांची जाणीव गेली. त्या खुर्चीत परत बसायचं नाही, हे ती मला दर वेळी सांगायची.

सीटीएक्स सकाळी, रिकाम्या पोटी करायची असते. काकी सोमवारी आली. गर्दी होती, फोन वाजत होता. सुई हातात घेऊन मी घाईत विचारलं, "उपास आसा मां?"

"आसा," ती म्हणाली.

आकडा कमी आला. डॉक्टर म्हणाले, थांबू. पंधरा दिवसांनी काकी माझ्यासाठी कोकमाची सोलं घेऊन आली. इतकी खुशीत होती की बोलणं थांबेना. त्या सोमवारची साबुदाण्याची खिचडी काय झाली होती म्हणून सांगू, म्हणाली. पहाटे पाचला पोटभर खाऊन पहिली एसटी धरली, तुझ्यासाठी डब्यात घालायला विसरले.

अगो बाय माझे! सोमवार म्हणजे तिचा उपास. उपाशी आहेस का विचारायचं ते मी उपास आहे का विचारलं, आणि तिने खरं तेच सांगितलं. खाल्लं की हा आकडा खाली येतो. चहाचा घोट घेऊन आलेल्यांना दारातून परत पाठवणारी मी, आणि चुकले कुठे, तर एका शब्दात. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

खोटं कशाला बोलू, गप्प बसावंसं वाटलं. बाई किती दिवसांनी हसत होती! पण हाडं झिजत असली तर साध्या घसरण्यानेही मोडतील. मी सगळं सांगून टाकलं. चूक माझी, हेही सांगितलं.

काकी हळूच म्हणाली, "तू गप रवलं असतंस तर माका काय कळलां नसतां."

"हाड मोडल्यावर कळलां असतां," मी खेकसले आणि मलाच रडू आलं. तिने पदराने माझे डोळे पुसले आणि उद्या उपाशी येते म्हणाली.

आली. पाण्याखेरीज काही न घेता. नेमकी त्या दिवशी शीर हुलकावण्या देत होती, दोनदा टोचावं लागलं. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आकडा चढा निघाला. मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गोव्याला गेले. ती त्या खुर्चीत बसली, सलाईन चालू झालं. अर्धा तास तिने माझी बोटं आवळून धरली. नर्सने सुई काढली तरी ती उठेना, केमोला अख्खा दिवस जायचा, त्यामुळे तिचा विश्वासच बसत नव्हता.

"संपलां?" तिने मला विचारलं. मी मान हलवली, तेव्हा ती घळाघळा रडली.

नर्सने मायेने विचारलं, ही तुमची मुलगी का?

"नाय गो. रक्त काढता," काकी डोळे पुसत म्हणाली. "चुकलां, पण माका फसवल्यान नाय."