कुलूपताईंची पेटी

लाँड्रीत त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या त्या लांबट, वाफेने कोंदलेल्या शेडमध्ये त्या इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असत. कुलूपताई हे नाव पडलं ते पेटीमुळे.

शनिवारी पगार व्हायचा आणि सोमवारी पुन्हा सगळ्या जणी कडक्या. कुणाचं पोर आजारी पडलं की मुकादमाकडून उचल घ्यायची. मग पुढचा पगार हातात यायच्या आधीच निम्मा कापलेला. एका शनिवारी ताई कुलूप लावलेली पत्र्याची पेटी घेऊन आल्या. म्हणाल्या, "थोडे इथेच टाका गं. घरी नेले की पैशाला पाय फुटतात."

"आणि तुम्हालाच पाय फुटले तर?" कपड्यांच्या घड्या घालणारीने विचारलं. तिची जीभ कात्रीसारखी चालायची. सगळ्या हसल्या. ताईही हसल्या, पण प्रश्न त्यांनी मनावर घेतला. पेटी घडीवालीच्या घरी ठेवली, किल्ली स्वतःकडे. उघडायची ती सगळ्यांसमोर. नियमही ताईंनीच घातला: जिची जेवढी शिल्लक, तिच्या दुप्पट कर्ज. वर छदाम नाही.

हळूहळू मुकादमाची उचल कमी झाली. चादरी वाळवणारीने गळकं छप्पर नीट करून घेतलं. एक जण भांडून आपले पैसे काढून गेली; तिला कुणी अडवलं नाही.

मग ताईंचे यजमान पडले. ते गवंडी. परांचीवरून कोसळले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला पैसे हवे होते.

"किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" दवाखान्यातल्या पलंगावरून ते म्हणाले. "घडीवाली तुझ्या शब्दाबाहेर नाही. पैसे उचल, मागाहून भरू."

घरी जाताना ताईंच्या मनात ते घोळलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर पोचताच त्यांनी किल्ली चादरी वाळवणारीच्या हातात ठेवली. "तुझ्याकडे असू दे." आणि मग सगळ्यांसमोर कर्ज मागितलं.

"दुप्पट मिळेल," घडीवाली म्हणाली.

"अगं, तेवढ्यात भागत नाही. माणूस अंथरुणाला खिळलाय माझा."

"नियम कुणी केला होता?"

ताईंनी दुप्पट घेतली. उरलेल्या रकमेसाठी शिलाई मशीन विकलं, कानातलं मोडलं. घडीवालीशी त्यांनी बोलणं टाकलं. ती मात्र रोज संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यात यायची, न बोलता बसायची, रिकामा डबा घेऊन जायची. शेवटी एकदा ताईच म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय." बोलणं सुरू झालं ते तिथून. माफी कुणीच मागितली नाही.

कर्ज फिटलं. यजमानांचा पाय थोडा आखूड राहिला. परांची कायमची सुटली. काही वर्षांनी साठलेल्या पैशांतून ताईंनी कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान घेतलं. यजमान गल्ल्यावर बसतात आणि दिवसभर कुरकुरतात.

"जन्मभर भिंती उभ्या केल्या, आता लोकांच्या पँटी मोजतोय."

"मोजा," ताई इस्त्री न थांबवता म्हणतात. "पँटीवरून पडून कुणाचं हाड मोडत नाही."