पुस्तकातल्या मयतीचं सुतक

पुस्तकात मेलेल्या माणसाचं सुतक पाळणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. जन्म गेला जिनिंगात कापूस तोलण्यात, पण जीव सगळा राजे-राण्यांच्या कादंबऱ्यांत. राळेगावच्या वाचनालयातून पुस्तक आणायचं, सायकलीच्या दांडीला पिशवी लटकवायची आणि दुपारी आमच्या ओसरीवर बसून बहिणीला, त्याच्या 'बाई'ला, मोठ्यानं वाचून दाखवायचं. ती तूर निवडत ऐकायची. मी चौथीतून निघालेला माणूस, मला पुस्तकाचं काय? पण कानाला झाकण थोडंच असते.

सुतकाचेही त्याचे कायदे होते. हट्टापायी बुडालेला राजा मेला तर नुसती आंघोळ. "आपल्या करणीनं मेला, भाऊजी. त्याले काय रडाचं?" पण सगळे पळाले तरी त्या राजाच्या मागं उपाशी फिरणारा इमानी माणूस मेला, की दाढी बंद, गोड बंद, कोणाच्या घरात पाय टाकणं बंद. एकदा ऐन पोळ्याच्या आदल्या दिवशी एका दासीनं राणीसाठी आलेलं विष स्वतः पिऊन टाकलं. झालं! सणाच्या दिवशी हा आमच्या फाटकाबाहेर दगडावर बसून. त्याची बायको कडाडली, "माह्या बापाच्या सुतकात भजे खाल्ले या माणसानं, अन् दासीसाठी पुरणपोळी सोडली!" हा शांतपणे म्हणतो, "तुह्या बापानं कोणासाठी इष पेलं?" गावचा न्हावीही त्याला वैतागला होता. "पुस्तकातलं सुतक हाय, तं पुस्तकवाल्याकडूनच दाढी करून घे," म्हणायचा.

मग माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. तिची खाट ओसरीवर आणली. त्या वेळी जे पुस्तक चालू होतं, त्यात राजाचं राज्यही गेलं होतं आणि डोळेही, आणि एक म्हातारा द्वारपाल त्याला हाताला धरून जंगलातून नेत होता. मेहुणा आधी भराभर वाचायचा. एक दिवस घरून शेवटचं पान पाहून आला आणि त्याचं वाचणंच मंदावलं. आधी एक पान, मग अर्धं, मग चार ओळी वाचून "आज घसा बसला."

"काय बे," मी म्हटलं, "त्या आंधळ्याले किती दिवस जंगलात फिरवतं?"

त्यानं मला गोठ्यामागं नेलं. "भाऊजी, द्वारपाल मरते शेवटी. तो मेला की मले सुतक. मंग बाईपाशी कसा येऊ?"

"अरे, एक सुतक नको पाळू! कोण पाह्यते?"

"अन् आजवर पाळले ते काय खोटे होते?"

मी बैलांपुढं कडबा टाकायला लागलो.

तिला न सांगता सगळं समजलं होतं. एका दुपारी म्हणाली, "बाबू, किती चालवशीन त्या म्हाताऱ्याले? थकला असन. जाऊ दे आता त्याले." यानं पानं मागं उलटली आणि द्वारपाल राजाचा हात पहिल्यांदा धरतो तिथून पुन्हा सुरू केलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती गेली. द्वारपाल चालतच होता. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीन दिवसांचं. यानं पूर्ण दहा दिवस पाळलं, तेही माझ्याच घरात राहून, माझ्यासाठी भाकरी जाळत.

अजूनही दुपारी येतो. वाचनालयवाल्यानं पुस्तक मागणं सोडलं. परवा मीच वैतागून म्हटलं, "मारून टाक ना आता त्या म्हाताऱ्याले. कोणाचं अडलं त्याच्यावाचून?"

तो चष्मा पुसत राहिला. "मले तुमच्यापाशी यायचं असते ना, भाऊजी."

मी कोपऱ्यातलं सूप ओढलं, त्यात तूर घेतली. तिच्यासारखी निवडता येत नाही मला, खडे राहतात.

"वाच," म्हटलं. "कुठवर पोचले ते दोघं?"