दोन बेटांवरचे भाव

सिंगापूरचं पोस्टिंग आलं तेव्हा मी फौजेत नाईक होतो. माझ्या सेक्शनमध्ये आमच्या जिल्ह्यातले दोघे होते: लान्स नाईक मारुती, घाटनांदूरचा, आणि शिपाई हैदर, बीडचा. मी केजजवळचा. सिंगापूर पडलं, आम्ही कैदी झालो. पुढं जपान्यांनी आम्हाला जहाजात घालून पॅसिफिकमधल्या बेटांवर मजुरीला नेलं.

परत आल्यावर केजच्या बाजारात लोक लढाईचं फारसं विचारत नसत. विचारत, "नाईक, तिकडं जवारीचा काय भाव व्हता?" मी टाळायचो. आता सांगतो.

पहिलं बेट पलाऊ. तिथं ज्वारी नव्हती, पण जगणं स्वस्त होतं. सकाळी सहाला फॉल-इन, साडेसहा ते पाच धक्क्यावर कोळसा उतरवायचा. दुपारच्या सुट्टीत बेटावरच्या बाया कुंपणापाशी येत. एका सुईला तीन मासे. जुन्या बनियनला टोपलीभर कंद. नारळ फुकट, पडलेला उचलायचा. मारुतीला माशाचा वास सोसत नसे, तो कंदावरच राही. हैदर म्हणायचा, "नाईकसाब, हितंच ऱ्हाऊ. बीडात एवढे मासे कोन देतंय?"

चार महिन्यांनी आम्हाला न्यू ब्रिटनला हलवलं. हे बेट मोठं, जमीन काळी. मारुतीनं उतरल्या उतरल्या मूठभर माती चोळून पाहिली. "लई बेस माती हाय," एवढंच बोलला.

इथं जपानी नोटेला कॅम्पाशेजारच्या गावात कुणी विचारत नसे. चलन म्हणजे वेताच्या काडीत ओवलेल्या बारीक शंखांच्या माळा, हाताच्या लांबीनं मोजायच्या. हातभर माळेला अळकुड्यांचा मोठा घड मिळे. आम्ही गावातली घरं शाकारून दिली आणि माळा मिळवल्या. पहिले काही महिने पोट भरलं.

मग अमेरिकन विमानं येऊ लागली. जपान्यांची रसद तुटली, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांचे मळे ताब्यात घेतले. हातभर माळेला दोन अळकुड्या झाल्या, मग एक. पुढं गावकरीच झाडपाला उकडून खाऊ लागले. आमच्याजवळ माळा होत्या, विकायला कुणाकडं काही नव्हतं.

पावसात मलेरियानं कॅम्प धरला. मारुती सोमवारी पडला, हैदर मंगळवारी. आमच्या नर्सिंग हवालदाराकडं क्विनीन संपलं होतं. एका पहारेकऱ्याकडं थोडं होतं. मी त्याला माळा दाखवल्या. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि माझ्या बुटांकडं बोट केलं. मी बूट काढून दिले. आठ गोळ्या मिळाल्या.

हवालदारानं गोळ्या तळहातावर मोजल्या.

"एकालाच दे. वाटून दिल्या तर दोघंबी जातील."

"कुनाला?"

"ते तू ठरव. जवान तुझे हायती."

सकाळचा रोल कॉल नुकताच झाला होता. मारुती बेशुद्ध होता. हैदर जागा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी बराच वेळ दोघांच्या मध्ये बसून होतो. शेवटी चार-चार दिल्या. याला मी न्याय म्हणत नाही. मला निवडता आलं नाही.

मारुती गुरुवारी सकाळी अकराला गेला. हैदर शुक्रवारी दुपारी दोनला. ओलं लाकूड पेटेना, म्हणून मारुतीलाही पुरलं. दोन्ही खड्डे मी आणि हवालदारानं खणले. शुक्रवारी साडेतीनला आम्हाला परत कामावर हाकललं.

लढाई संपली, डिस्चार्ज मिळाला. आधी घाटनांदूरला गेलो. मारुतीचा बाप ओट्यावर दोर वळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "औषीद मिळालं व्हतं का?"

"मिळालं व्हतं, आबा."

"पुरतं?"

"व्हय."

"मंग त्याचं आविष्यच तेवढं," म्हणाला, आणि मला जेवायला थांबवून घेतलं.

दोन दिवसांनी बीडला हैदरच्या आईकडं गेलो. तिनंही तेच विचारलं, "दवा पूरी मिली थी ना, बेटा?"

"मिली थी, अम्मा."

त्यानंतर मी त्या दोन्ही घरी कधी गेलो नाही. आता ती दोघं म्हातारी माणसंही राहिली नाहीत. लान्स नाईक मारुती, घाटनांदूर. शिपाई हैदर, बीड. प्रत्येकी चार गोळ्या.