तुकड्याले न आलेला रंग

त्या दिवशी चंद्रपूरच्या लॅबमंधी आमी चौघं होतो. मी, माहा धाकटा दीर, माही सून, अन् तिथली डॉक्टरीन बाई. माहा पोरगा नवता, तो घुग्घुसले खदानीत ड्युटीवर होता. माहे मालक तर जाऊन लय वर्सं झाले. हे मी सांगून राह्यली अन् सून लिहून राह्यली.

माह्या डाव्या छातीत गाठ होती. दुखे नाई, म्हणून मी तिच्याकडं पाह्यलंच नाई. रोवण्याचे दिवस होते, वाकून-वाकून काम. मंग ते कडक झाली तवा सून मले गडचिरोलीले घेऊन गेली. तिथी डॉक्टरनं जाड सुईनं गाठीचे तुकडे काढले, शेवईच्या तुकड्यावानी बारीक. पाण्यावानी दिसणाऱ्या दवाईच्या डबीत टाकले अन् दिराच्या हातात देल्ले. म्हणे, "आजच चंद्रपूरले नेऊन द्या."

आमी ढिवर. तळ्यातली मासोळी धरून पोट भरणारे. मास पाण्याबाहेर राह्यलं का दुपारपर्यंत वास मारते, हे दिराच्या हाडात बसलेलं. जीपमंधी गचके लय. डबीचं झाकण ढिलं होतं, सगळी दवा सुनेच्या लुगड्यावर सांडली. डोळ्याले झोंबे असा तिचा वास. तुकडे डबीत कोरडे पडले.

दीर घाबरला. "वैनी, हे तर सडून जाईन!"

त्याच्या पिशवीत पाहुण्यासाठी नेलेली मोहफुलाच्या दारूची शिशी होती, पहिल्या धारेची. आमच्याकडं जडीबुटीच्या मुळ्या तिच्यातच भिजवून ठेवतेत, वर्सभर खराब होत नाई. त्यानं डबी भरली, झाकण आवळलं.

सून म्हणे, "काकाजी, हे चालते का?"

"अवं, मुळीले चालते त मासाले काऊन नाई?"

मले तवा ते बरोबरच वाटलं.

लॅबमंधी डबी देल्ली तवा डॉक्टरीन बाईनं समजावून सांगतलं होतं. गाठीच्या पेशीत एक प्रोटीन असू शकते, ते आतून हुकूम सोडते का वाढ, वाढ. ते हाय का नाई पाहाले एक दवा येते, बर्फाच्या डब्यात, लय महाग, थेंब-थेंब वापरतेत. अँटिबॉडी म्हणतेत तिले. ते दवा त्या एकाच प्रोटीनले जाऊन चिकटते, दुसऱ्या कोणाले हात लावत नाई. मंग रंग टाकला का तेवढंच कथ्थ्या रंगाचं दिसते. मी म्हणलं, म्हणजे नुसती मरळच धरणारं जाळं. बाई हासली. म्हणे, "हो आजी, तसंच."

गाठ कॅन्सरची निघाली त ऑपरेशन दोन्हीत होतं, रंग येवो का नाई. पण रंग आला त पुढं रोज एक गोळी, घरी बसून. नाई आला त सलाईनचे कडक डोस, घडी-घडी नागपूर. माह्या अंगात तेवढी ताकत नवती, अन् घरात तेवढं बळ नवतं.

त्या दिवशी आमी रिपोर्ट आनाले गेलो. बाईनं आमाले आत बसवलं.

"आजी, तुमच्या गाठीला रंग आला नाही."

सून रडाले लागली. मी म्हणलं, "उगी राह्य. नाई त नाई."

माही जिंदगीच 'नाई' ऐकण्यात गेली. जंगलात सरपण? नाई. रेशन आलं का? नाई. मालक बिमार होते तवा दवाखान्यात खाट? नाई. 'नाई' म्हणलं का पदर खोचायचा अन् उठायचं, एवढंच मले येत होतं. उठलीच होती मी.

बाई म्हणे, "थांबा ना. तुकड्यात गाठीच्या बाजूला चांगल्या पेशी आहेत. त्यांना तर रंग यायलाच पाहिजे. त्यांनाही नाही आला. रंगाची दवा बरोबर आहे, त्याच दवेनं दुसऱ्या पेशंटला आला. म्हणून या 'नाही'वर माझा भरवसा नाही. तुकडा कशात आणला होता?"

दीर छताचा पंखा पाहे. "तुमच्याच दवाईत."

"वाटेत काही झालं होतं का?"

"नाई, नाई. काई नाई झालं."

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. शिशी सापडली का पोलीस धरून नेतेत. मागच्या वर्सी शेजारच्याले नेलं होतं. सुनेनं मान खाली घातली. दीर माह्याकडं पाहे. तोच मले सकाळी हात धरून जीपमंधी बसवे. त्याले मी कशी अडकवू? पण बाई माह्याच तोंडाकडं पाहून राह्यली होती, अन् गाठ माही होती.

मी म्हणलं, "बाई, डबीतली दवा सांडली. मंग आमी मोहाची दारू भरली."

बाई म्हणे, "दारू?"

दीर हात जोडून उभा. "बाई, पोलिसाले नका सांगू. पण चांगली होती, भेसळ नवती."

बाई कपाळाले हात लावून हासली. "काका, मी काय ठाणेदार आहे? दारूत ठेवलेल्या तुकड्याला हा रंग नीट धरत नाही. हे आधी सांगितलं असतं तर मी इतके दिवस रंगाच्या दवेला दोष देत बसले नसते."

तिनं मंग गडचिरोलीच्या डॉक्टरले फोन लावला. पुन्यांदा जाड सुई. ह्यावेळी दुखलं, खोटं काऊन सांगू. तुकडे नव्या दवाईत टाकले, अन् दिरानं डबी दोन्ही हातानं धरून चंद्रपूरपर्यंत नेली. पानी पियाले बी उतरला नाई.

ह्या वेळेस बाईनं मले दुर्बिणीतून पाहू देल्लं. आधी माह्याच पापण्या दिसल्या. मंग दिसलं. कथ्थ्याचे ठिपकेच ठिपके, बाजूच्या चांगल्या पेशीतबी अन् गाठीतबी.

ऑपरेशन झालं. आता रोज एक गोळी घेते. हाडं दुखतेत, घाम सुटते, पण तळ्यावर जाते. पुढं काय होईन मले मालूम नाई, बाईलेबी नाई.

पण त्या खोलीत मी चूप बसली असती, त आमी त्या 'नाई'वरच घरी आलो असतो. 'नाई' बी तपासून पाहता येते, हे मले इतक्या उमरीत पहिल्यांदा समजलं.

वाचणाऱ्याले एवढंच मागणं हाय. तपासाचा तुकडा तुमच्या हाती देल्ला अन् वाटेत काई झालं, त तिथी गेल्यावर ते खरं सांगा. लाज वाटली तरी सांगा, भेव वाटलं तरी सांगा.