भाचीची बिदाई आणि बोनटातले भाडेकरू

आमच्याकडच्या उंदरांबद्दल सांगायला लागलो की बाहेरचा माणूस हसतो. हसू द्या. धानाच्या मुलखातला उंदीर त्याने पाहिलेलाच नसतो. वर्षभर तांदळावर पोसलेला हा प्राणी समोर आला, की आमची मांजर बाजूला सरते आणि त्याला वाट देते.

गाव आमचं दवनीवाड्याकडचं. घर आहे, भलंमोठं अंगण आहे, पण गाडीवर छप्पर नाही. मोठ्या हौसेने घेतलेली माझी पांढरी गाडी अंगणात, तणसाच्या ढिगाला लागून उभी असायची. तणीस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा, बैलांचं वर्षभराचं जेवण. त्या ढिगाची दुपारभर सावली पडायची. मला वाटायचं, केवढी सोय!

सोय झाली ती उंदरांची. दिवसा तणसात लोळायचं, संध्याकाळी गाडी आली की गरम इंजिनावर बिऱ्हाड मांडायचं आणि जेवण झाल्यावर तोंडात टाकायला सुपारीऐवजी वायर कुरतडायची.

हे मला कळलं ते नेमकं भाचीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी. बहीण आमच्याच गावात दिलेली, आणि साक्षगंध होतं मुलाच्या गावी, बोदलकशाकडे. मामाच्या गाडीतून जायचं म्हणून भाची नवं लुगडं नेसून सकाळपासून तयार. मी चावी फिरवली. गाडीने साधा खोकलासुद्धा काढला नाही. खाली वाकून पाहिलं तर कुरतडलेल्या वायरींचे तुकडे. शेवटी आम्ही ऑटोने गेलो. पोचेपर्यंत धुळीने भाचीच्या लुगड्याचा रंग कोणता, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

भाऊजींनी, म्हणजे तिच्या बापाने, पाहुण्यांसमोरच विचारलं, "काय गा साळेबुवा, गाडी उंदराईनं भाड्यानं घेतली का?"

सगळे हसले. भाची मात्र हसली नाही. म्हणाली, "मामाजी, लग्नाच्या दिवशी मी तुमच्याच गाडीत बसून सासरी जाईन. नाई त पायी जाईन."

"पायीच जा बेटा," भाऊजी म्हणाले, "लवकर पोचशीन."

आता सांगा, मामाने काय करावं? आमच्याकडे लग्नात मामाचा मान मोठा. तो मान माझ्या बाबतीत सध्या बोनटाखाली होता, आणि त्याला रोज दात लागत होते.

गोंदियाहून मिस्त्री आणला. त्याने बोनट उघडलं आणि मागे सरला. आत धानाच्या लोंब्या, देवघरातल्या वाती, खोबऱ्याचा तुकडा आणि माझा हरवलेला मोजा. "भैया," तो म्हणाला, "ये गाड़ी है कि गोदाम?" वायरी बदलून त्याने बिडीचा तंबाखू बांधून ठेवायचा सल्ला दिला. आमच्या जिल्ह्यात त्याला काय तोटा! मी पोटली बांधली. दुसऱ्या दिवशी तंबाखू संपलेला आणि फडक्याची नीट घडी घातलेली. माझी खात्री आहे, ते चुना शोधत होते. मग डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्या गोट्यांसारख्या अंगणभर खेळून झाल्या.

तेव्हा माझ्यातला धानवाला जागा झाला. उंदराला अडवायचं तर पाणी हवं, आणि पाणी अडवायला आम्हाला कोणी शिकवायला नको. फावडं घेतलं, गाडीच्या चारही बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध टाकला, जसा शेतात धानाच्या वाफ्याला, आमच्या बांधीला टाकतो तसा, आणि मोटर लावून आत पाणी सोडलं. मधोमध पांढरी गाडी अशी शोभत होती, की रस्त्याने जाणाऱ्यांना वाटावं तलावात महाल बांधला आहे. गाडीत बसायला मी पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून जायचो.

बायको दारातून पाहत होती. म्हणाली, "चिखल त मस्त झाला जी. धान रोवाले बाया सांगू का?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. थोर कामांच्या सुरुवातीला बायका असं बोलतातच.

पण थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा मुकी झाली. बायकोने मला हात धरून धुऱ्यापाशी नेलं. धुऱ्याला भोकंच भोकं. अरे, धानाच्या शेतात उंदीर बीळ करतो ते धुऱ्यातच! रोज सकाळी मी शेतावर जाऊन हीच बिळं बुजवतो आणि घरी येऊन त्यांना ताजा, मऊ, ओलसर धुरा बांधून दिला, तोही गाडीच्या दारात. राहता राहिलं पाणी, तर आमचे उंदीर पावसाळाभर बांध्यांमधून पोहतात. त्यांनी माझ्या बांधीत सहकुटुंब जलविहार केला.

"तुमी त्याईले घरकुल बांधून देल्लं जी," बायको म्हणाली. "मंजूर कराले सरकारले वर्षं लागतेत. तुमी एका दिवसात केलं."

त्या दिवशी मी तिथेच धुऱ्यावर बसलो. बसून विचार केला. उंदराला आडोसा लागतो, अंधार लागतो, ऊब लागते. उघड्या अंगणातून तो जात नाही, कारण वर घार असते, घुबड असतं. आणि मी त्याला हे तिन्ही घरपोच देत होतो.

दुसऱ्या दिवशी धुरा फोडला. तणसाचा ढीग उचलून पार फाटकाजवळच्या कोपऱ्यात नेला. अंगण सुकवून, ठोकून, शेणाने असं सारवलं की त्यात तोंड दिसावं. गाडी उभी केली मधोमध, चारही बाजूंनी मोकळी. हवा आत जायच्या तोंडांना बारीक लोखंडी जाळी बांधली. आणि सर्वांत मोठी गोष्ट, गाडी उभी असेल तेव्हा बोनट उघडं. ना अंधार, ना ऊब. चाकांभोवती चुलीची राख पसरली, कोण येतं ते कळावं म्हणून. पहिल्या सकाळी राखेच्या काठावर पायांचे ठसे होते. तिथवर येऊन त्यांनी सभा घेतली असावी, कारण पुढे सगळे ठसे माघारी वळलेले. त्यानंतर राख कोरीच्या कोरी राहिली.

आ वासलेली गाडी पाहून गावाने मात्र मला सोडलं नाही. जो तो फाटकातून विचारायचा, "काऊन जी, आजही बंद हाय?" भाऊजी तर म्हणाले, "साळेबुवा, गाडीले जांभया येऊन राहिल्या."

लग्न आलं. वरातीचा जानोसा, म्हणजे उतरायची जागा, आमच्याच घरी. आदल्या दुपारी नवरदेवाची फुलांनी मढवलेली काळी, लांबलचक गाडी आली आणि थेट तणसाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. मी नवरदेवाच्या काकांना सांगितलं, "तिथं नोका लावू जी, मधात लावा."

काकांनी माझ्या गाडीकडे पाहिलं. "त्या डब्ब्याच्या बाजूले कायले? हे नवी हाय."

मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदाही सांगितलं असतं, पण माझ्या गाडीला डब्बा म्हटल्यावर मला अचानक मांडवात फार कामं आठवली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या, बिदाईची वेळ झाली. बाया रडायला लागल्या. काका काळ्या गाडीत बसले, चावी फिरवली. गाडी गप्प. पुन्हा फिरवली. गप्प. बोनट उघडलं तर आमचा एक उंदीर इंजिनावर बसलेला, कानावर झेंडूची पाकळी, जणू वराकडचाच. बायांचं रडणं थांबलं. सगळे माझ्याकडे वळले.

भाऊजी जवळ आले. आवाज असा मऊ, की मला वाटलं दुसराच कोणी बोलतो आहे. "साळेबुवा... आपली चालन का?"

मी खिशातून चावी काढली. सावकाश चालत गेलो, सावकाश बोनट खाली घेतलं, सावकाश बसलो. पाहुण्यांना नीट दिसायला हवं ना! चावी फिरवली आणि गाडी अशी डरकाळली की मांडवाचे खांब हलले. मागे वळून पाहतो तर भाची केव्हाच आत येऊन बसलेली, नवरदेवाला हाताने ओढून घेत होती. काकांना मी समोरची सीट दिली. हरलेल्या माणसाचा मान ठेवावा.

"मामाजी," डोळे पुसत भाची म्हणाली, "हॉर्न वाजवा ना. पुऱ्या गावाले आयकू येऊ द्या."

मी गावाला ऐकवलं, मग पुढच्या गावाला, मग तिरोड्याच्या बाजाराला. बोदलकशाच्या तलावातले मासे म्हणे डोकी वर काढून पाहत होते. हे नवरदेवाने सांगितलं, हं. मी तर समोर पाहून चालवत होतो.