शमीमनं अंगणात बांधलेला अक्ष

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या वहीत वर्गसमीकरणाचा विवेचक उणे सोळा आला होता. गणित तसंच सोडून तिच्या नेकनूरची एसटी धरली. परत आले तर मुलगा म्हणाला, "आई, आता शिकवणारीच न्हाई. बाहेरून दहावीला बसायचा हट्ट सोड की." त्याला वाटलं, म्हातारी रडेल आणि ऐकेल... रडले. ऐकलं नाही.

शाळेत आम्ही दोघी एका बाकावर. ती हुशार, मी नुसती तोऱ्यात. दहावीच्या पेपरात वर्गमुळाखाली उणे संख्या आली, तर या शहाणीनं काय करावं? उणेच्या आडव्या रेघेवर उभी रेघ मारून अधिक केलं! काय देखणं उत्तर आलं म्हणता. नापास झाले, आणि त्याच उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवात अशी मिरवले, जणू बोर्डात आले. शमीम पहिली आली आणि सासरी मोसंबीच्या गाड्यावर बसली.

साठीत मी सतरा नंबरचा फॉर्म भरला तेव्हा शिकवायला तीच आली. आमच्या अंगणात छातीइतक्या उंचीवर दोरी बांधली. "हा x-अक्ष," म्हणाली, आणि खालून एक मोसंबी उडवली. दोरी ओलांडून वर गेली, पलीकडं पुन्हा ओलांडून खाली आली. "दोनदा ओलांडली, दोन मुळं. विवेचक अधिक." दुसरी दोरीला जेमतेम शिवून परतली. "विवेचक शून्य, मुळं समान." तिसरी खालच्या खालीच वळली. "हुकली गं," मी म्हणाले. केवढी उसळली! "हुकली कावून? उडाली न्हाई का? दोरीला शिवली न्हाई, एवढंच. विवेचक उणे, वास्तव मुळं न्हाईत. हे बी उत्तरच हाय, सुमे! b वर्गातून 4ac वजा कर, फेकायच्या आधीच कळतंय."

मग स्वतःच हसली. "तू तर उणं दिसलं की रेघ मारणारी!"

परवा ती अर्धवट वही उघडली. उणे सोळा तसाच बसलेला. हात जुन्या खोडीनं उभी रेघ मारायला निघाला... आवरला. खाली ठसठशीत लिहिलं: वास्तव मुळे नाहीत. बाहेर सून दोरीची गाठ सोडत होती. जाता-येता आडवी येते म्हणे. "वाकून जा," म्हटलं, "मार्चात पेपर हाय माझा." गाठ पुन्हा आवळली, शमीमच्या गाड्यावरची उरलेली मोसंबी घेतली आणि दोरीच्या खालून, न शिवता, चांगली लांब फेकली.